सोबेकसानची स्वारी आणि शिखरशिळेची फत्ते

सुज्ञ वाचकांचे सेवेसी देगू शहरचे निवृत्त टपाल कारकून प्यो गिलसू यांनी भरल्या पोटी आणि सुजल्या गुडघ्यांनी हकीकत गुदरली ऐसीजे. आम्हांस नोकरीतून रुखसत मिळाली, ते समयी कुटुंब ओकबुनबाई यांस जबान दिधली की, मुलखातील तमाम राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये तुम्हांस दाखवू आणि माथ्यावर शिखराचे नाव कोरिलेली शिळा असे, त्या शिखरशिळेपाशी उभे करू. मग डोंगरी बूट, दोन काठ्या आणि लालभडक अंगरखा ऐसा सरंजाम खरीद करोन कूच केले. परंतु हरएक उद्यानाचे वेशीवर खानावळींची फौज मोर्चे बांधून असे आणि आम्ही तेथेच शरण जात असू. जिरीसान डोंगरी रानभाज्यांचा भात, थेआनचे किनारी शिंपल्यांचे कालवण. सुनछनचे दलदलीत क्रौंच पाहावयास गेलो, तो चिखलमाशांचा रस्सा ओरपून आलो. सर्वत्र कांदापातीचे धिरडे आणि तांदळाची दारू आम्हांवर चालून आली आणि आमचा मोड जाहला.

साडू मेंग छलहो यांजपाशी तमाम शिखरशिळांसंगे तसबिरी. थोरल्या मेहुणीचे वाढदिवशी भर पंगतीत ते बोलिले, "काय साडूभाऊ, डोंगर चढता की नुसती धिरडी उलथता?" पंगत हसली आणि आम्हीही निर्लज्जपणे हसलो. बाई हसल्या नाहीत. घरी येऊन फर्मावले, "अहो, पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी एकदा तरी वर न्या. नाहीतर सरळ दाजींनाच सांगते, मला वर न्या म्हणून!"

हे ऐकोन आमची पाचावर धारण बसली आणि सोबेकसान डोंगरावर स्वारी मुक्रर केली. वेशीवर खानावळवालीने तवा परजून हाक दिधली, "या हो मालक, गरमागरम आहे!" जीभ फितूर जाहली, पाय तिकडे वळले. इतक्यात बाई लंगडत पुढे निघाल्या. मग नाक दाबोन त्यांचे मागे पळालो आणि दोन्ही काठ्या त्यांस नजर केल्या. लाकडी पायऱ्यांवर आम्ही धापा टाकीत असता बाईच म्हणत, "चला, शिखर येतंच आहे." माथ्यावर वारा ऐसा की टोपी परागंदा जाहली. शिळेपुढे तसबिरीसाठी ही रांग! रांगेतील परक्या बाईने काकडीची फोड हाती दिधली, ती खाऊन तग धरिला. पाळी येताच आम्ही छाती काढोन उभे ठाकलो आणि तसबीर तत्काळ साडूंस रवाना केली.

उतरून खाली वेशीवरील खानावळीपाशी येतो तो साडूंचा फोन. "अहो, शिखराचं नाव कुठाय? तुमचा लाल अंगरखाच दिसतोय की सगळीकडे!"

पाहतो तो खरेच. शिळेवरील अक्षरन् अक्षर आमचे पोटाने झाकलेले. शरमेने मान खाली घालोन अर्ज केला की, हुकूम होईल तर उद्या पुन्हा चढू.

बाई म्हणाल्या, "काही नको. मी वाचलंय ते नाव. हात फिरवून वाचलंय. आता बसा आणि धिरडं मागवा, भूक लागलीय मला."

सबब दफ्तरी नोंद ऐसी की, सोबेकसान ओकबुनबाईंनी सर केला, आम्ही तो झाकिला आणि धिरड्याचा पहिला घास बाईंनी आपले हाते आम्हांस भरविला. हे लिहिले ते खरे.