आप्पासाहेबांचा स्मॉल सी

स्मरणिकेत एक जरी चूक सापडली तर माझं नाव बदला, असं ममतानं प्राचार्यांना छातीठोकपणे सांगितलं.

शहाद्याच्या कॉलेजात ती इंग्रजी शिकवायची, पण तात्पुरती. जूनमध्ये पुन्हा घ्यायचं की नाही, हे संस्थेचे चेअरमन फत्तेसिंग पाटील, म्हणजे आप्पासाहेब, ठरवणार होते. अशात कॉलेजच्या परिसंवादाची इंग्रजी स्मरणिका तिच्याकडे आली. परीक्षाच होती ती.

ममता मूळची सावध, आणि लेक हेतवी रांगायला लागल्यापासून तर फारच. फरशीवरची टाचणी पोरीच्या आधी तिला दिसायची. पुढे पुढे प्रुफात उगाच पडलेलं कॅपिटल अक्षरही तिला त्या टाचणीसारखंच टोचायला लागलं. त्यात तिच्या हाती विद्यापीठाच्या इंग्रजी लेखननियमांची पीडीएफ लागली. पोरीला मांडीवर थोपटत ती वाचत गेली आणि तिच्या अंगावर काटा आला. ऋतू स्मॉल. विभाग स्मॉल. भाषेचं नाव तेवढं कॅपिटल. पद नावाच्या आधी आलं तर कॅपिटल, नावानंतर आलं तर स्मॉल, मग माणूस कोणीही असो. ‘कोणीही असो’पाशी ती थबकली. वशिला नाही, नातं नाही, गाव नाही. जगात असा न्याय आहे, आणि तो आपल्या मोबाइलमध्ये मावतो!

मग काय, तिनं सगळी स्मरणिका त्या न्यायानं विंचरून काढली. पहिल्या पानावर आप्पासाहेबांचा फोटो होता, खाली नाव, आणि नावाखाली पद. पद नावानंतर आलं, म्हणून चेअरमनचा सी स्मॉल झाला. समोरच्या पानावर व्हाइस चेअरमन हेमकांतभाऊंचा शुभसंदेश होता. त्यांनी पद आधी लिहून नाव नंतर टाकलेलं, म्हणून त्यांचे व्ही आणि सी जसेच्या तसे ताठ उभे राहिले. नियम म्हणजे नियम. छपाई झकास उतरली, म्हणून प्रेसवाल्या हिलालनं त्या दोन पानांचा फोटो कौतुकानं संस्थेच्या ग्रुपवर टाकला.

आता आपल्याकडे छापलेला कागद कोणी वाचत नाही, मापतात. पत्रिका असो की बॅनर, कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, कोणाचं जाड, एवढं बघून माणूस चष्मा काढून ठेवतो. त्यात संस्थेची निवडणूक तोंडावर. सभासदांनी फोटो मोठा करून पाहिला. आप्पासाहेब बारीक, हेमकांतभाऊ जाड. मॅडम शिकलेल्या आहेत, उगाच नाही करायच्या. वरून काहीतरी ठरलंय!

दुपारपर्यंत आप्पासाहेबांच्या हक्काच्या ब्राह्मणपुरी गावाहून दोन बोलेरो हेमकांतभाऊंच्या मळ्यात दाखल झाल्या. भाऊ बनियनवर ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. गळ्यात हार पडले तेव्हा त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारलं. लोक डोळा मारून हसले. भाऊही हसले, आणि हात धुऊन शर्ट घालून आले.

इकडे ममताची सासू भिकुबाई पापड लाटायला शेजारी गेली होती. तिथे बातमी पोचेपर्यंत तिचा पाक बराच पुढे गेला होता. आप्पासाहेबांची तब्येत बरी नाही, म्हणून नाव बारीक छापलंय, असं तिथे ठरलं. बाया तशाच पिठाच्या हातानं उठल्या, वाटेत सफरचंदं घेतली आणि आप्पासाहेबांच्या दारात उभ्या राहिल्या. आप्पासाहेब झोपाळ्यावर बसून भजी खात होते.

“ऱ्हाऊ द्या हो ती भजी,” भिकुबाई कळवळून म्हणाली, “डॉक्टर काय म्हनस?”

संध्याकाळी ममताला बोलावणं आलं. हेतवीला कोणाकडे ठेवावं एवढंही सुचेना, तशीच कडेवर घेऊन ती गेली. जून तिच्या डोळ्यांसमोरून निघून चालला होता. बैठकीत सफरचंदांचा ढीग, मध्ये झोपाळ्यावर आप्पासाहेब, त्यांच्या हातात स्मरणिका.

“बेटा,” ते अगदी हळू म्हणाले, “तू कोनता पॅनलनी शे?”

ममतानं मोबाइल काढला, नियम दाखवला आणि समजावून सांगितला. हा माणसाचा मान नाही, जागेचा आहे. नावाआधी कॅपिटल, नावानंतर स्मॉल.

आप्पासाहेबांनी चष्मा पुसला. राष्ट्रपतींनाही असंच का, असं त्यांनी विचारलं. या नियमाप्रमाणे त्यांनाही, ती म्हणाली. कुलगुरूंना? त्यांनाही. आप्पासाहेबांनी झोपाळा पायानं थांबवला. आयुष्यभर माणसं वर चढवण्यात आणि खाली उतरवण्यात गेलेला तो माणूस मोबाइलच्या त्या पडद्याकडे देवळात बघावं तसा बघत राहिला.

“आनि हेमकांतनं पद नावना मांगे टाकं तर?”

“तर त्यांचंही स्मॉल.”

आप्पासाहेब पहिल्यांदा हसले. मग गंभीर झाले. एका अक्षरात हिनं त्यांना आजारी पाडलं होतं, हेमकांतला हार घातले होते आणि ब्राह्मणपुरी फोडली होती. एवढं तर त्यांच्या विरोधकांना इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. त्यांनी प्राचार्यांना फोन लावला.

“मॅडमले जूनमां घेनंच शे,” ते म्हणाले. “तिकडना पॅनलमां जावाले नको.”

ममताच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या विद्वत्तेचा असा गौरव होईल, असं तिला वाटलं नव्हतं, आणि तो विद्वत्तेचा नव्हताच, हे कळायला तिला घरी पोचावं लागलं. अट एकच होती. यापुढे इंग्रजी छपाईला हात लावायचा नाही, परिसंवादाच्या उद्घाटनाची मराठी पत्रिका तेवढी करायची.

मराठी म्हटल्यावर तिला हायसं वाटलं. सगळी अक्षरं एका रेघेला लोंबकळतात, कोणी मोठं नाही, कोणी छोटं नाही. दुसऱ्या दिवशी हेतवीला घेऊन ती निश्चिंत मनानं हिलालच्या प्रेसमध्ये जाऊन बसली.

हिलालनं कोरं पान उघडलं, अक्षरांचा साइज ठरवला आणि सहज विचारलं, “मॅडम, वरतीन कोनं नाव टाकू? आप्पासाहेबनं का भाऊनं?”

ममतानं हेतवीच्या कपाळाला हात लावला. कपाळ चांगलं गार होतं. तरी तिनं पुन्हा एकदा, जरा आशेनं लावून पाहिला, आणि प्राचार्यांना फोन करून मुलगी कणकणते आहे असं सांगितलं.