फळ्यावर न मावलेलं ‘म्हणे’

“साहेब, टाकीत पाल पडली म्हणे!”

सकाळी दारात उभं राहून वॉचमन एवढंच बोलला आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी चहाचा दुसरा कप तसाच खाली ठेवला. नुसती भिंतीवरची पाल बघूनही या गृहस्थांची पाचावर धारण बसायची. आता तर तिचा अर्क पोटात गेला होता!

तसेच ते जिन्याखालच्या फळ्याकडे धावले. फळा वीतभर, अक्षर टपोरं. ‘सावधान! टाकीत पाल पडली’ इथंच चौकट आली. ‘म्हणे’ला जागा उरली नाही. दोन अक्षरांनी काय आभाळ कोसळतंय, म्हणून त्यांनी खडू ठेवला.

आभाळ पाव तासात कोसळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना मळमळलं, त्यांना बघून त्यांच्या बायकोला मळमळलं. तळमजल्यावरचा शिंपी घशात बोटं घालून मोरीत बसला. खुद्द सेक्रेटरींच्या पोटात कळ आली. ‘म्हणे’ आपणच गाळलंय हे त्यांना ठाऊक होतं, पण कळीला ते कोण सांगणार?

“अगं, आपण मरणार!” ते बायकोला म्हणाले. घाम नुसता निथळत होता.

“अहो, आधी विचारा तरी, पाहिली कुणी?”

चौकशी झाली. वॉचमनला प्लंबर म्हणाला होता, “पडली म्हणे.” प्लंबरला शिंपी म्हणाला होता, “पडली असेल.” आणि शिंप्याला?

“अगं बाई!” सेक्रेटरीणबाईंनी कपाळावर हात मारला. “ब्लाउज टाकायला गेले तेव्हा मीच म्हटलं, झाकण नीट बसत नाही, एखाद दिवशी पाल पडेल!”

सगळा जिना हसला. पोटं आपोआप बरी झाली. सेक्रेटरींनी घाईघाईनं फळा पुसून लिहिलं, ‘टाकीत पाल नाही’.

मास्तरांनी चष्मा सावरला. “हे पाहून लिहिलंत, की म्हणे?”

आता अब्रूचा प्रश्न होता. जीव मुठीत धरून सेक्रेटरी गच्चीवर गेले. डोळे मिटून त्यांनी झाकण उचललं, मग एक डोळा उघडला. पाणी नितळ, तळ दिसत होता. हुश्श! “नाही हो” असं ओरडणार, तोच झाकणाच्या आतून काहीतरी गारगार त्यांच्या मनगटावरून सरसरत गेलं.

डुबुक!

“पडली!” ते किंचाळले. “पाल पडली हो! मी पाहिली!”

“म्हणे!” खालून अख्खा जिना एका सुरात ओरडला, आणि मास्तरांच्या बायकोनं त्याच टाकीचा नळ उघडून चहाचं आधण ठेवलं.