सासूबाईंची पीस लिली आणि माझी राखण

झाडं सांभाळणं म्हणजे काय असं मोठं दिव्य आहे! पाणी घाला, उजेड दाखवा, झालं. सासूबाई आठवडाभर बहिणीकडे निघाल्या, तेव्हा मी छातीठोकपणे म्हटलं, "आई, तुम्ही निर्धास्त जा!"

त्या काही निर्धास्त झाल्या नाहीत. "स्नेक प्लांटला मी येईपर्यंत थेंबही नको. मनीप्लांटची माती सुकली तरच पाणी. आणि लिलीला उजेड हवा, पण ऊन नको. बोट खुपसून बघ, कोरडं आलं तरच पाणी!"

ही लिली म्हणजे आमच्या घरातली महाराणी. सासूबाई निवृत्त झाल्या त्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः जाऊन आणलेली. लग्नापासून त्यांनी आपणहून दिलेली ही एकमेव भेट! "हिला काही झालं तर ह्यांच्या जिवाला लागेल गं," सासूबाई दारातूनही बजावत होत्या.

दोनच दिवसांत महाराणींनी मान टाकली. मी बोट खुपसलं, तर थेट चिखलात!

"पाणी कोणी घातलं?" मी गरजले.

"मी," नवरा म्हणाला. "मान टाकली होती ना तिने! तहान लागली असेल."

"अहो, पाणी जास्त झालं तरी मान टाकते ती!"

"मग ओळखायचं कसं?"

"बोटाने!"

"मी कधी घातलं बुवा पाणी?" सासरे पेपरामागून म्हणाले. त्यांना कोणी विचारलंही नव्हतं! सदऱ्याची बाही मात्र कोपरापर्यंत ओली.

माती सुकावी म्हणून मी कुंडी गॅलरीत नेली आणि कामावर गेले. ऊन नको, हे मला बसमध्ये आठवलं! संध्याकाळी बघते तर पानं इस्त्रीखाली विसरलेल्या शर्टासारखी करपलेली. आणि सासरे शेजारी तांब्या घेऊन उभे. "उन्हाने घसा सुकला असेल गं बिचारीचा!"

माती उकरून पाहिली तर मुळंही कुजलेली. महाराणी गेल्या. मला अक्षरशः रडू आलं. तेवढ्यात फोन. सासूबाई उद्याच येताहेत!

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, नर्सरी गाठली, तशीच लिली आणली आणि सासरे दुपारी घोरत होते तेवढ्यात जुन्या कुंडीत लावून मोकळी झाले. उठल्यावर सासरे हरखलेच. "बघितलंस? शेवटी माझ्याच पाण्याने तगली!"

मी दात-ओठ खात मातीचे हात धुतले.

सासूबाई आल्या. चपला काढायच्या आधी लिलीकडे गेल्या, पान उलटून पाहिलं आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"आई, चुकलं माझं. ती..."

"हळू बोल! ह्यांना कळलं का?"

"नाही."

"मग काही हरकत नाही. ह्यांनी आणलेली पहिल्याच महिन्यात गेली गं. दिसली लिली की ह्यांचं घाल पाणी! बदलून बदलून मी थकले. मला वाटलं, तू तरी ह्यांना आवरशील."

म्हणजे इतके दिवस मी राखण करत होते ती नक्की कशाची?

"पण लावलीस छान हो!" सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आता ह्यापुढे हे खातं तुझ्याकडे."