हरभऱ्यातल्या लाकडी ससाण्यांची हकीकत

श्रीभूमीस दंडवत. अहो दरबार, गोजराबाईच्या शेताचा घात अळीने केला नाही, तुम्ही केला! आरोप आधी लिहिला, हकीकत मागाहून.

शके सोळाशे सत्तर, विभवनाम संवत्सर, पौष मास. घाटे भरत आले होते आणि गोजराबाईचे नि तिच्या लेकरांचे वर्षाचे पोट त्याच एका तुकड्यावर होते. बाईचा रिवाज वाडवडिलांचा. हरभऱ्यात मधून मधून ज्वारीची ताटे राखावी आणि बांधावर भात विखरावा आणि मग साळुंक्यांनी येऊन ताटांवर बसावे आणि अळ्या वेचून खाव्या. हे वर्तमान हुजुरांस कळले आणि स्वारी बहुत खूश जाहली आणि आज्ञा केली की, ऐसी युक्ती रयतेच्या नावे शोभत नाही, दरबाराच्या नावे करावी. मग पाहणीदार तिमाजीपंत लवाजम्यासह शेतात शिरले आणि ज्वारी बिनहुकमी उगवली म्हणोन उपटविली आणि जागोजाग सागवानी खांब रोविले आणि दर खांबाच्या माथ्यावर राज्याचे निशाण, पंख पसरलेला लाकडी ससाणा, बसविला. साळुंक्यांनी ते ध्यान पाहिले आणि सरहद्द ओलांडिली. अळ्यांनी मुक्काम केला.

बाईने पंतांचा घोडा अडविला. "पंत, पाखरं कुठं हायती?"

"ही काय! दर खांबाला एक. हजेरी पुरी आहे."

"आवं, लाकडाचं हाय त्ये! अळी खातंय व्हय?"

"राजपक्षी अळी खाईल? काय बोलतेस, बाई! आणि अळ्या बघ कशा गुबगुबीत झाल्यात. मागल्या राजवटीत होती का अशी भरभराट?"

"माझी पोरं काय खात्याल?"

"ते खाते आमच्याकडे नाही," ऐसे बोलोन पंत निघोन गेले.

मग बाईने कुऱ्हाड घेतली आणि एकूण एक ससाण्याचे मुंडके उडविले. साळुंक्या परतल्या आणि थोटक्या ससाण्यांवर बसल्या आणि अळ्यांचा फन्ना उडविला आणि निम्मा हरभरा वाचला. तोच प्यादे आले आणि निशाणाचा शिरच्छेद केला म्हणोन बाईस धरून नेले आणि निशाणाच्या धडावर बसल्या म्हणोन साळुंक्यांवरही हुकूम सुटला. त्या हजर जाहल्या नाहीत. हरभरा मात्र पुरावा म्हणोन उपटून आणिला आणि पुरावा तपासावा म्हणोन सभेत आगटी पेटवून त्याचा हुळा भाजिला आणि दिवाणांपासून चोपदारापर्यंत सर्वांनी तो चवीने तपासिला. अखेर पुरावा उरला नाही, सबब बाई निर्दोष सुटली.

तात्पर्य, निम्मा हरभरा अळीने खाल्ला, निम्मा दरबाराने. गोजराबाई रिकामी पाटी घेऊन देवडीवर उभी आहे, हलत नाही. म्हणते, "अळीवर पाखरं सोडली. तुमच्यावर काय सोडू? बोला की!"

बोला, दरबार. बाई पुसते आहे.