अण्णा प्रभूला सांगतात

आमचे आजोबा, म्हणजे अण्णा, कुणालाही तोंडावर टाकून बोलत नाहीत. ते देवाकडे तक्रार करतात. फक्त ज्याची तक्रार आहे त्याला समोर उभं करतात, डोळे मिटायला लावतात आणि शेवटी त्याच्याकडूनच आमेन म्हणवून घेतात.

बेलापूरजवळच्या आमच्या गावी आम्ही पुण्याहून पोचलो, की शनिवारी संध्याकाळी घरची प्रार्थना ठरलेली. "प्रभू, तुला समदं ठावं हाय, तरीबी सांगतो," ही सुरुवात. "सूनबाई दमून आलीय, तिला इसावा दे. आन आमटीत मीठ टाकताना तिचा हात धर." आई मिटल्या डोळ्यांनी लालबुंद. मग माझी पाळी. "ह्या पोराला बायकू दे. पन आधी नोकरी दे, न्हाईतर ती बिचारी तुलाच बोल लावंल."

प्रार्थनेत मध्येच कुणाला तोंड उघडता येत नाही, ही त्यांची खरी सोय. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेला आणि तिथे ऊसवाले सारखे हुज्जत घालायचे. घरात तो ताप नाही.

एकदा मी विचारलंच, "अण्णा, देवाला सगळं माहीत आहे ना? मग सांगता कशाला?"

"त्याला म्हाईत हाय रं. तुमाला कुटं हाय?"

चर्चमध्ये "कुणीतरी आपल्याला प्रार्थनेत चालवावं", म्हणजे सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं प्रार्थना करावी, असं म्हणताना पाळकसाहेब मुद्दाम दुसऱ्या कोपऱ्याकडे बघतात. तोवर अण्णा उभे राहिलेले असतात. मागे एकदा ते म्हणाले, "प्रभू, पाळकसायबांना तू गोड आवाज दिलास, आता घड्याळ बी बघाय शिकव." त्यावर मंडळीनं जो आमेन दिला, तसा नाताळातही देत नाही.

या खेपेला मात्र शनिवारीच घरात गंभीर वातावरण होतं. रूथ आजी गेल्यापासून अण्णा एकटे राहतात. गेल्या महिन्यात ते न्हाणीत पडले. त्यामुळे पप्पा त्यांना कायमचं पुण्याला न्यायचं ठरवूनच आले होते. तसं त्यांनी सांगितलंही. अण्णा "बरं" म्हणाले आणि गप्प बसले. गप्प बसलेले अण्णा मी कधी पाहिले नव्हते.

रविवारी चर्चमध्ये त्यांनी पाटाच्या पाण्यासाठी, आजाऱ्यांसाठी, अगदी पंतप्रधानांसाठीसुद्धा प्रार्थना केली. पुण्याचं नाव नाही. घरी आलो, मटण वाढलं, सगळे ताटांभोवती उभे राहिलो आणि अण्णांनी डोळे मिटले.

"प्रभू, अविनाश मला न्यायला आलाय. पोरगं गुनाचं हाय, तूच दिलंय. पन मागं पुन्याला गेल्तो, तवा सूनबाईचं घरातनंच हापिस चालू हुतं. ती म्हनली, अण्णा, प्रार्थना जरा हळू. तिची काय चूक न्हाई. मी हळू क्येली. पन हळू क्येली का माजं मलाच ऐकू येतं. रूथ गेल्यापास्नं मी माजंच लई ऐकलंय, प्रभू."

मी एक डोळा किलकिला केला. आई पदरानं नाक पुसत होती. पप्पांनी शाळा सुटल्यापासून मोठ्यानं प्रार्थना केलेली नव्हती. पण तेच एकदम बोलायला लागले.

"प्रभू, अण्णांना सांग, ते पडले तेव्हा काय झालं असतं? मला तर दुसऱ्या दिवशी कळलं. मला झोप येत नाही रे. दरवाज्याची कडी आतून, हाक मारली तरी ऐकणार कोण?"

"प्रभू, अविनाशला सांग," अण्णाही डोळे मिटूनच होते, "हाक माराय त्राणच न्हवतं. पन सकाळची प्रार्थना ऐकू आली न्हाई, म्हनून पलीकडची सखूबाई भित्तीवरनं आत उतरली. तिच्या वयाला शोभत न्हवतं, पन उतरली. तिनं कडी काढली, मानसं बोलावली. मी हळू प्रार्थना करत असतो, तर तिला कसं कळलं असतं?"

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. सखूबाई म्हणजे भिंतीपलीकडची, एकादशी न चुकवणारी म्हातारी. आमचा तिच्याशी संबंध कढीपत्त्यापुरता. आता प्रार्थना संपवायची कुणी, हेच कुणाला कळेना. मटणावर तुपासारखा थर धरायला लागला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला.

"आमेन! भाऊ, आता जेवू द्या की पोरांना!"

आई हसली, मीही हसलो. अण्णा घाईघाईनं ताटावर बसले. पप्पा मात्र डोळे मिटून तसेच उभे होते.

"प्रभू," ते म्हणाले आणि त्यांची पुण्याची भाषा तिथंच गळून पडली, "सखूमावशीला लई आयुष्य दे."