दत्तोपंतांची बुटकी नॅस्टर्शियम

"एकावन्न फुलं! एक जरी कमी भरलं, तर या जन्मात पुन्हा बागकामावर व्याख्यान देणार नाही!"

कॉलनीच्या बागस्पर्धेच्या बैठकीत निवृत्त भूगोल शिक्षक दत्तोपंतांनी ही घोषणा केली, तेव्हा टाळ्या जरा जास्तच कडाडल्या. लोकांना यातलं नेमकं काय हवंय, हे मात्र दत्तोपंतांच्या लक्षात आलं नाही. व्याख्यान म्हणजे त्यांचा जीव की प्राण!

बुटक्या नॅस्टर्शियम या फुलझाडाचं बियाणं त्यांनी खास मागवलं होतं. पाकिटावर स्वच्छ छापलं होतं: उंची नऊ इंच, खत घालू नये, घातल्यास नुसती पानंच येतात. हे त्यांनी बायकोला म्हणजे ताईंना दोनदा आणि शेजारच्या, दोन म्हशी पाळणाऱ्या बाळासोंना चारदा वाचून दाखवलं.

"उपाशी ठेवायची? रोपं हायती का कैदी, सर?" बाळासो कळवळले.

"उपाशी राहिली की फुलतात! शास्त्र आहे!"

महिन्याभरात रोपं नऊ इंचांवर गेली. मग बारा. मग अठरा! दत्तोपंत रोज सकाळी शाळेतली जुनी फूटपट्टी लावायचे आणि डोकं खाजवायचे. पट्टी चुकली म्हणून नवी आणली. तीही तेच सांगू लागली. पानं तर भाकरीएवढी झाली, आणि फुलाचा पत्ता नाही!

"अहो, चष्म्याचा नंबर बघून घ्या," ताई म्हणाल्या.

नंबर बरोबर निघाला. दत्तोपंत आणखीनच गोंधळले. बियाणंच भलतं असावं, असं म्हणून त्यांनी कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक भैरवीबाई दारात आल्या. मागे अख्खी कॉलनी, आशेने!

"फुलं कुठायत?" बाईंनी विचारलं.

दत्तोपंतांनी पानं बाजूला सारून पुन्हा एकदा पाहिलं. फुलं शून्य होती, आणि व्याख्यानं गेली ती कायमचीच! त्यांना खरोखर रडू येईल असं वाटलं.

बाईंनी एक पान तोडून चावलं. "अगंबाई, झणझणीत आहे की! ही पालेभाजीच ना? पालेभाज्यांत पहिला नंबर तुमचाच!"

"पालेभाजी?" दत्तोपंत मटकन पायरीवर बसले.

"एवढी माजलीय! खत काय घालता?"

"कणभरही नाही!" दत्तोपंत ठासून म्हणाले.

बाळासो पुढं सरकले. "सर, रागावू नका. बारकी पोरं उपाशी बघवंनात. रोज पहाटं भिंतीवरनं शेणाचं पाणी सोडत हुतो की!"

"बाळासो!"

"आणि मी दुपारी उरलेलं ताक घालत होते," ताई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "किती केविलवाणी दिसत होती हो!"

"अगं, तूसुद्धा! विश्वास म्हणून काही राहिलाच नाही या घरात!" दत्तोपंत गरजले.

"बरं, विजेत्याने दोन शब्द बोलावेत," बाई म्हणाल्या. "एवढ्यावर भागलं नसणार. तुम्ही स्वतः काहीच घातलं नाहीत?"

दत्तोपंतांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग घसा खाकरून त्यांनी आयुष्यातलं शेवटचं आणि सर्वांत छोटं व्याख्यान दिलं.

"रोज संध्याकाळी... मूठभर पेंड."