पडद्याकडं पाठ केलेले मास्तर

आमच्या बसवकल्याणात पडद्याकडं पाठ करून सिनेमा बघणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्याच शाळेत गणित शिकवायचा. माणिकराव मास्तर. पहिल्या दिवशी ते चारचौघांसारखे सरळ बसून सिनेमा बघत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून सगळ्यांत पुढच्या बाकावर जात आणि उलटं तोंड करून बसत. पडदा मागे, पब्लिक समोर, मांडीवर आलेखाचा कागद.

मी त्याच शाळेत मराठीला होतो, आणि आमची राहती खोली त्यांच्या खोलीला लागून होती. हे काय चाललंय असं मी विचारलं, तर म्हणाले, "सिनेमा पडद्यावर अर्धाच असतोय. उरलेला बाकावर."

त्यांचा अभ्यासाचा विषय एकच: सिनेमात बाईला छेडलं की हसतं कोण. टॉकीजमध्ये मधोमध कापडी आडोसा होता, एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला जनाना. पुढं बसलं की दोन्हीकडची तोंडं दिसत. सोलापूरच्या बसनं हिंदी, मराठी, कानडी, सिनेमाची जी पेटी येईल ती मास्तरांना चाले. हीरोनं पदर धरला, हिरॉइन 'सोडा' म्हणाली, की मास्तर कागदावर दोन टिंबं देत. बाप्यांच्या हशाचं टिंब आभाळात, बायांचं जमिनीवर.

मधल्या सुट्टीत तो कागद आमच्यापुढं पसरला जाई. एकदा शास्त्राचे मास्तर म्हणाले की बाया लाजतात म्हणून हसत नसतील. माणिकरावांनी सासऱ्याचं धोतर फिटतं त्या सीनवर बोट ठेवलं. तिथं बायांचं टिंब कागदाबाहेर गेलं होतं.

"इथं लाज कुठं गेल्ती?" त्यांनी विचारलं.

एका रविवारी ते आमच्या दारात आले आणि माझ्या बायकोला अगदी गंभीरपणे म्हणाले, कालच्या सिनेमातल्या तिसऱ्या गाण्यात तो हीरो तुमच्या मागं लागला असता तर तुम्ही काय केलं असतं? बायको भाकरी करत होती. तिनं हातातलं उलथनं वर करून दाखवलं. मास्तरांनी ते टिपून घेतलं आणि आभार मानून गेले.

व्हायचं तेच झालं. मास्तर जनान्याकडं टक लावून बसतात, असं गावात पसरलं. हेडमास्तरांनी बोलावलं. शाळा समितीचे दोघं आले. नोकरीवर बेतलं. मास्तरांना पुरावा म्हणून आलेख दाखवायचा होता, तो कुणी हातात घेईना. शेवटी ते म्हणाले, "सर, मी बायांकडं कमी, बाप्यांकडंच जास्त बघायलोय." त्यानं प्रकरण आणखीच बिघडलं.

तेवढ्यात शिवम्माक्का आत आली. जनान्याच्या दारावर तिकिटं फाडणारी बाई. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिनं सांगितलं की टॉकीजमधले निम्मे गडी मास्तरांचे जुने विद्यार्थी. मास्तर पब्लिककडं तोंड करून बसले की कुणी शिट्टी मारत नाही, आडोशावरून शेंगांची टरफलं टाकत नाही. "मास्तर असले तर बाया येतेत, न्हाई तर कोण यीना," ती म्हणाली. "यांला काढलासा, तर यांच्या जागी तुमी येऊन बसणार काय?"

समितीतले एक सभासद खिडकीबाहेर बघू लागले. आभाळातल्या टिंबांत त्यांचाही हशा होता. प्रकरण तिथंच मिटलं.

सगळे खूश, मास्तर सोडून. त्यांना बघून बाप्ये बेतानं वागत असतील, तर आलेख सगळाच चुकला होता. सहा महिन्यांचं काम वाया गेलं.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर ते तोच कागद घेऊन बसले. बायको दारात गहू निवडत होती. मी विचारलं, मास्तर, हे खूळ आलं तरी कुठून?

त्यांनी जवळच्या मुडबी गावची गोष्ट सांगितली. ते बावीस वर्षांचे असताना तिथं मुलगी बघायला गेले होते. मास्तरांच्या मामानं तिला चालून दाखवायला लावलं, केस सोडून दाखवायला लावलं, गाणं म्हणायला लावलं. गाताना तिचा आवाज चिरकला. मामानं सिनेमातल्या नकल्यासारखी तिची नक्कल केली आणि बैठक हसली.

"मी बी हसलो," मास्तर म्हणाले. "मामापेक्षा मोठ्यानं. ती माझ्याकडं बघून उठली आन् आत गेली. परत बाहेर आली न्हाई. मामानं नकार कळवला."

दोन-तीन वर्षांनी ते मुद्दाम मुडबीला गेले. काय बोलायचं ते पाठ करून गेले होते. ती माहेरी आलेली होती, कडेवर मूल. तिच्या वडिलांनी सांगितल्यावर तिनंच चहा आणून दिला.

"मला वळखलंच न्हाई तिनं. मी चहा पिलो आन् आलो."

गहू निवडायचा आवाज थांबला होता. बायकोनं विचारलं, तिचं नाव काय होतं?

मास्तरांनी चष्मा काढला. नाव त्यांनी एकदाच सांगितलं, आणि आलेखाची घडी घातली.